दाखवायला आणलेले पैसे

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. चौथीपर्यंत शाळा झाली. पुढं आमचं बिऱ्हाड मेंढरांमागं हिंडायला लागलं आणि पाटी मामाच्या घरी राहिली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला. वही माझ्या मुलीची आहे, चित्रं काढायची. कागद जाड आहे, त्यावर रेघा नाहीत, म्हणून माझ्या ओळी उजवीकडं खाली उतरतात. पुढच्या पानांवर तिची चित्रं आहेत. मागची पानं कोरी होती. ती आता या वहीला हात लावत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

मला चारचौघांत बोलता येत नाही. रेशनच्या दुकानात गर्दी असली तर मी बाहेर थांबते आणि सगळे गेले की पिशवी पुढं करते. बँकेत गेले की साहेबांनी काय विचारलं ते कळतं, पण उत्तर गळ्यातच राहतं. लोक म्हणतात, बाई लई गरीब स्वभावाची. स्वभावाचं मला माहीत नाही. पण पुढं जे झालं ते माझ्या न बोलण्यानं झालं, हे आधीच लिहून टाकते.

आम्ही माकणीला धरणाजवळ राहतो. मुलीचे वडील धरणावर चौकीदार आहेत. त्यांच्या बापजाद्यांची मेंढरं होती, नोकरी लागल्यावर ती विकली. माझ्या माहेरी मात्र अजून आहेत. माझा थोरला भाऊ येडशीकडं असतो, त्याच्याकडं दीडशेच्या वर मेंढरं आहेत. मुलगी लहानपणी सुट्टीत तिकडंच असायची. ज्याच्या-त्याच्या मेंढरांना ज्याची-त्याची खूण असते. कुणाची मानेवर तांबडा पट्टा, कुणाची शेपटीशी निळा ठिपका, कुणी डाव्या कानाला चीर देतं. दोन कळप एकात मिसळले तरी खुणेवरून पाच मिनिटांत वेगळे होतात. मुलगी त्या खुणा कोळशानं भिंतीवर काढायची. वैनी ओरडायच्या, "भित हाय का पाठ हाय मेंढराची?"

बारावीनंतर ती धाराशिवला चित्रकलेच्या कॉलेजात गेली, तिथंच होस्टेलवर राहिली. तिथल्या सरांनी तिला इंग्लंडातल्या एका कॉलेजचं सांगितलं. कला आणि डिझाईन शिकवणारं कॉलेज, लंडनपासून रेल्वेनं तीन तास पुढं. बाहेरच्या देशातल्या मुलांना तिथं अर्धी फी माफ होऊ शकते, असं सर म्हणाले. तिनं अर्ज करायचं ठरवलं. आधी इंग्रजीची परीक्षा पुण्याला जाऊन दिली. मग वीस चित्रांची फाईल करायची होती. नुसती चांगली चित्रं चालत नाहीत, एका गोष्टीचा माग काढलेला दिसला पाहिजे, असं तिथं लिहिलं होतं. तिनं मेंढरांच्या खुणांचा माग काढला. सगळा उन्हाळा ती मामाच्या मागं फिरली, कुणाची खूण कुणी दिली, वाटणी झाल्यावर भावाभावांनी ती कशी बदलली, हे विचारत. एका चित्रात फक्त कान होते, चाळीसेक कान, प्रत्येकाची चीर वेगळी. ते मला बघवायचं नाही, पण नजर हलायची नाही.

फाईलबरोबर स्वतःविषयी एक पत्र लिहायचं होतं. ते तिनं मला मराठीत वाचून दाखवलं. त्यात होतं, माझी आई फार बोलत नाही, पण दीडशे मेंढरं ती खुणेवरून ओळखते.

मी म्हणाले, "हे कशाला लिहिलंस, बाई?"

"खरंय की."

"खरं असलं म्हणून काय झालं? लोक वाचतेत."

"वाचायलाच लिहिलंय, आई."

मुलाखत फोनवर झाली, चेहरा दिसतो तशी. घरात रेंज नव्हती म्हणून ती गच्चीवर बसली, फोन बादलीला टेकवून. मी पाण्याच्या टाकीमागं उभी होते. एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, पाऊण तास बोलत होत्या. मधेच मुलीनं फोन उचलला आणि माझ्याकडं फिरवला. बाईंना मेंढरं ओळखणारी आई बघायची होती. मी पदर तोंडावर ओढला. बाई हसल्या, हात हलवला. मीही हलवला, पण पदर सोडला नाही. त्या कॉलेजातल्या कुणी मला बघितलं ते तेवढंच.

पंधरा दिवसांनी जागा मिळाल्याचं आलं. अर्धी फी माफ झाली, पण त्याच सालापुरती. तिचे वडील धरणावरून सायकल हाणत आले आणि दारात उभे राहिले. म्हणाले, "आता काय म्हणायचं असतंय?" मुलगी म्हणाली, "काय न्हाय, पेढे आणायचे असतेत." त्यांनी सायकल वळवली आणि परत गेले.

मग पैशांचं सुरू झालं. बँकेनं शिक्षणाचं कर्ज मंजूर केलं, पण ते पुरत नव्हतं. तिथं राहायला-खायला लागणारे अकरा लाख आमच्या खात्यात दिसायला हवे होते. धाराशिवला एक एजंट होता, परदेशी जाणाऱ्या मुलांचे कागद बघायचा. तो म्हणाला, वडिलांच्या खात्यातून सोसायटीचे हप्ते कापले जातात, ते खातं नको. आईचं घ्या, कोरं आहे. माझ्या खात्यात गॅसची सबसिडी सोडून कधी काही आलं नव्हतं.

तिच्या वडिलांनी पी.एफ.मधून काढले, आमचे होते ते टाकले, नणंदेनं दोन लाख दिले. तीन लाख माझ्या भावानं दिले. वर्षभर विकलेल्या मेंढरांचे ते पैसे होते, त्यातून त्याला पाऊस पडल्यावर नवा कळप घ्यायचा होता. नणंदेचे आणि भावाचे खर्चायचे नव्हतेच, फक्त दाखवायचे होते. पहिल्या वर्षी आमच्यातलं लागेल, पुढं ती तिथं काम करील, असा हिशोब होता.

मला हे दाखवणं कळेना. भाकरी करताना मी तिच्या वडिलांना विचारलं, "पैसे द्यायचे न्हाईत, तर बघायचे कशाला?"

ते हसले. "तुझ्या सोयरिकीला तुझ्या बापानं काय केलतं?"

ते मला चांगलं माहीत होतं. आमच्यात मुलगी बघायला पाहुणे येणार असले की शेजारच्या कळपातली मेंढरं आणून आपल्यात उभी करायची. पाहुण्यांना कळप भरलेला दिसला पाहिजे. माझ्या वेळी वडिलांनी दोन ठिकाणांहून चाळीस मेंढरं आणली होती. खुणा दिसू नयेत म्हणून सगळ्यांच्या पाठीवर हळद टाकली होती. पाहुण्यांनाही हे ठाऊक असतं, त्यांनीही घरी तेच केलेलं असतं. पण एक रीत कडक असते. पाहुणे बघून गेले की दुसऱ्या दिवशी मेंढरं चरायला सुटायच्या आत ज्याची त्याला परत करायची. एक दिवस जास्त ठेवलं तर ती लबाडी झाली. पुन्हा कुणी आपल्या मेंढराची शेपूटही धरू देत नाही.

"तसंच हाय हे," ते म्हणाले. "बघून गेले की ज्याचं त्याला."

हे त्यांनी चेष्टेत सांगितलं. मी ते गाठ मारून ठेवलं.

पैसे माझ्या खात्यात सलग अठ्ठावीस दिवस हलता कामा नयेत, असा नियम होता. तो एजंटानं बापलेकीला सांगितला होता, मी तेव्हा घरी होते. त्या दोघांना वाटलं असेल, आईला काय करायचंय, ती कुठं बँकेत जाते.

सोळा-सतरा दिवस झाले असतील. व्हिसाच्या अर्जासाठी कॉलेजकडून एक कागद यावा लागतो, आणि तो देण्याआधी कॉलेजनं पैशांचं पत्र मागितलं. मुलगी धाराशिवहून आली, मला घेऊन बँकेत गेली, साहेबांनी शिक्का मारून पत्र दिलं. ती परत गेली. चार दिवसांनी तिचा फोन आला. इतकी खुशीत होती की बोलताना धाप लागत होती.

"आई, त्यांनी पैसे बघितले. सगळं बरोबर हाय म्हणले. कागद आला."

मी विचारलं, "बघितले?"

"व्हय, बघितले."

बघणारे दोन आहेत, हे मला माहीत नव्हतं. कॉलेजनं बघितलं होतं. व्हिसावाल्यांनी अजून बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला. त्यानं पैसे मागितले नाहीत, हे देवाशपथ लिहिते. तो चहा प्याला, पाऊस बरा झाल्याचं बोलला. मग म्हणाला, साठ मेंढरांचा एक कळप बघितलाय, चांगल्या जातीचा, मालक थांबतो म्हणालाय, पण किती दिवस थांबंल. एवढंच. मग मुलीची चौकशी केली. मी सांगितलं, पैसे बघून झाले, कागद आला. तो म्हणाला, "मग झालं की काम." त्याच्या तोंडावर जे आलं ते मी बघितलं. मला लाज वाटली. बघून झालेलं जनावर दावणीला ठेवून घेतल्यासारखं वाटलं.

मी कुणाला विचारायला हवं होतं. तिचे वडील रात्रपाळीवरून अजून परतले नव्हते, कामावर फोन उचलत नाहीत. मुलीला फोन लावायचा तर भावासमोर काय बोलायचं, की तुझ्या मामाचे पैसे देऊ का? ते मला जमलं नसतं. मी पासबुक घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि त्याच्याबरोबर बँकेत गेले.

पैसे पाठवायचा कागद मी स्वतः भरला. भावाच्या पासबुकातला नंबर एकेक आकडा बघून उतरवला. अक्षरी रकमेत तीन लाख रुपये फक्त, असं लिहिलं. काचेमागचा मुलगा म्हणाला, "मावशी, अंगठा का सही?" मी सही केली. तो म्हणाला, "झकास की. आमच्या साहेबापेक्षा बरी." जन्मात पहिल्यांदा बँकेत मी एकटीनं काही लिहिलं होतं. घरी येताना मी बरीच खुशीत होते.

तिच्या वडिलांना सांगायचं राहिलं. त्यांची तेव्हा रात्रपाळी होती, धरणात पाणी वाढत होतं. ते आले की झोपायचे. आणि मला वाटत होतं, सांगायचं काय, रीतीप्रमाणं झालं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला. म्हणाली, "आता चारच दिवस राहिले, आई. मग अर्ज भरायचा. तवर खात्याला हात न्हाय लावायचा. अठ्ठावीस दिवस मोडले तर सगळं गेलं. पैसे हायेत ना तसेच?"

मी म्हणाले, "हायेत."

हे मी का म्हणाले, याचा मी बराच विचार केला आहे. त्या वेळी मला वाटलं, उद्या जाऊन आणीन, मग ते खरंच होईल. पण त्याआधीच, तिनं विचारल्याबरोबर, तोंडातून हायेत निघून गेलं होतं. नाही म्हणायला मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

सकाळी पहिल्या एसटीनं निघाले. धाराशिवच्या स्टँडवर गाडी बदलली. तिथून मुलीचं होस्टेल चालत दहा मिनिटांवर आहे. मी बाकड्यावर बसून राहिले आणि येडशीची गाडी लागल्यावर चढले.

भाऊ मेंढरं घेऊन गेला होता. वैनी दारात होत्या. मी सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता कसले पैसे? काल विसार दिला. चाळीस हजार. बाजारादिवशी बाकीचे द्यायचेत."

भाऊ दुपारी आला. त्यानं ऐकून घेतलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"विसार परत न्हाय देणार तो," वैनी म्हणाल्या.

"न्हाय देणार."

"मग?"

"मग गेला." माझ्याकडं बघून तो म्हणाला, "रडू नगंस. पोरीचं काम मोडाय नगं."

वैनी आत गेल्या. आतूनच म्हणाल्या, "यांच्या दावणीला आपली जनावरं दाखवायची, अन् मरायचीबी आपलीच." त्या खोटं बोलल्या नाहीत.

कमी पडणारे चाळीस हजार भावानं दोघांकडून उसने घेतले आणि पुढच्या दिवशी पुरे तीन लाख माझ्या खात्यात परत आले. अकरा लाख अकरा लाखाच्या जागी आले. पाच दिवस ते तिथं नव्हते. मी भावाला म्हणाले, "दादा, तुमी कुणाला बोलू नका." तो म्हणाला, "म्या कशाला बोलतोय?"

चार दिवसांनी तिचे वडील बँकेतून कागद घेऊन आले. पाकीट चिकटवलेलं होतं, तसंच ते धाराशिवला एजंटाकडं गेलं. एजंटानं फक्त शेवटचा आकडा बघितला असणार. मुलगी त्या दिवशी पुण्याला व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला गेली होती. अजून माझ्याकडं वेळ होता. मी एक फोन केला असता, तर अठ्ठावीस दिवस नव्यानं मोजून कॉलेज सुरू व्हायच्या आत कसाबसा अर्ज झाला असता. हे मला मागाहून कळलं. तेव्हा मला एवढंच वाटत होतं की पैसे भरले आहेत, आता न बोललेलं बरं.

व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं तेव्हा ती घरीच होती, सामान भरत होती. मी तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली होती. ओट्यावर बसून तिनं फोनवर ते वाचलं. दोनदा वाचलं. मग उठली, देव्हाऱ्यामागून माझं पासबुक काढलं आणि तिच्या वडिलांना म्हणाली, "बाबा, हे भरून आणा जरा." ते गेले आणि नोंदी छापून घेऊन आले. तिनं ओळींवरून बोट फिरवलं. एका ठिकाणी ते थांबलं.

"आई, हे काय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, सोयरिकीच्या मेंढरांपासून.

"मी फोन केलता तवा ते न्हवते?"

"न्हवते."

"अन् तू हायेत म्हणलीस."

मी चटणीचा डबा बाजूला घेतला.

"तवाच सांगितलं असतंस तर," ती म्हणाली आणि पासबुक मिटलं.

तिचे वडील भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "तिला म्याच सांगितलं होतं, सोयरिकीसारखं हाय म्हणून." माझ्यावर कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला रडता आलं असतं.

एजंट म्हणाला, पुन्हा अर्ज करता येतो. पण फी पुन्हा भरायची होती, आणि दिवस मोजेपर्यंत कॉलेज सुरू झालं असतं. कॉलेजच्या बाईंनी चांगलं पत्र लिहिलं, पुढच्या साली या म्हणून. पुढच्या साली तिनं अर्ज केला, जागा मिळाली, अर्धी माफी मिळाली नाही. तिनं ते आम्हाला सांगितलं नाही. मला सरांकडून कळलं, तेही सहा महिन्यांनी. न बोलणं ती माझ्याकडून शिकली असावी.

नणंदेचे दोन लाख त्याच आठवड्यात परत गेले, भावाचे तीन लाखही. त्या वेळी अर्जात आणि एजंटात बुडालं ते आमचं होतं, त्याचं काही नाही. राहिले ते विसाराचे चाळीस हजार. भाऊ त्याचं नाव काढायचा नाही. कळपही त्या साली त्याला मिळाला नाही, तो दुसऱ्यानं नेला.

मी दोन शेळ्या घेतल्या. सोयाबीनच्या खुरपणीला जायला लागले. हे कर्ज माझं होतं, त्यात मी तिच्या वडिलांचा पगार घेतला नाही. पाचशे, हजार, कधी दीड हजार साठले की वैनींच्या हातात नेऊन द्यायची. भाऊ घेत नसे म्हणून वैनींकडं. त्या बोटाला थुंकी लावून मोजायच्या आणि तांदळाच्या डब्यात ठेवायच्या.

मुलगी आता धाराशिवला फ्लेक्सच्या दुकानात काम करते. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, तेराव्याचे बोर्ड कॉम्प्युटरवर बनवते. मेलेल्या माणसाचा फोटो खराब असतो, तो ती नीट करते, डोळ्यांत उजेड घालते. मालक म्हणतो, हिच्या हाताला तोड नाही. महिन्यातून दोनदा घरी येते. माझ्याशी बोलते, चहा करते, शेळ्यांना पाला टाकते. चित्रांची फाईल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून धान्याच्या कोठीवर आहे. ती मी पुसते. तिनं खाली काढली नाही.

शेवटचे अठराशे रुपये द्यायचे होते तेव्हा मी तिला सांगितलं. ती म्हणाली, येते. धाराशिवच्या स्टँडवर त्याच बाकड्यापाशी ती मला भेटली आणि आम्ही येडशीच्या गाडीत बसलो. माझ्या खिडकीकडच्या बाजूला ऊन होतं. तिनं माझ्याशी जागा बदलली.

तिकडं मेंढरांची कातरणी झाली होती आणि नव्या कोकरांना खूण करायची होती. भावाचे हात आता कापतात. तो म्हणाला, "ए पोरी, तू कर की. तुझा हात चांगला हाय." तिनं रंगाचा डबा घेतला आणि काडीला चिंधी गुंडाळली. मी कोकरू धरायचे, ती मानेवर पट्टा ओढायची. बावीस कोकरं झाली. सगळे पट्टे एकसारखे, एका दमात ओढलेले. झाल्यावर तिनं काडी डब्यात टाकली, मातीनं हात घासले आणि हौदावर जाऊन धुतले. मामा म्हणाला, "कसं झालं बघ." ती म्हणाली, "चांगलं झालं," पण मागं वळून बघितलं नाही.

वैनींनी अठराशे मोजले. मग डबा काढला, आणि आजवरचं किती झालं ते भिंतीवर कोळशानं लिहिलेलं होतं, तिथं जाऊन त्यांनी मला आकडा वाचायला लावला. मी वाचला. अडतीस हजार दोनशे. त्यात आजचे मिळवले. वैनींनी ओल्या फडक्यानं भिंत पुसली आणि म्हणाल्या, "फिटलं."